कापणीच्या दिवसांत ठिपकीचा पाय

पहाटे साडेपाच

चूल पेटवण्याआधी मी पडवीत जाते. ठिपकी कोपऱ्यात डालग्याखाली, भाताच्या तुसावर बसलेली असते. डालग्यावर पाटा ठेवलेला असतो, कारण मुंगसाला लंगडं जनावर आधी कळतं. पाटा बाजूला केला की पहिला हात तिच्या गळ्याखालच्या पिशवीवर जातो. रात्री दाण्यानं टम्म भरलेली ही पिशवी पहाटे रिकामी आणि सैल लागायला हवी. आज लागली. मग तुसावरची विष्ठा पाहायची: तपकिरी, वर पांढरा थर, म्हणजे ठीक. हिरवी आणि पातळ दिसली तर समजावं की पोटात अन्न जात नाहीये. कोंबडी दुखणं लपवते. कळपात दुबळं दिसणं तिला परवडत नाही, म्हणून ती ओरडत नाही, फक्त खाणं सोडते. ते आधी विष्ठेत दिसतं.

शेवटी पाय. पट्टीच्या खाली उघडी ठेवलेली चारही बोटं मी एकेक करून चिमटीत धरते. ती कोमट आहेत, रंग नेहमीचा पिवळसर आहे, आणि मधलं बोट दाबलं तर ती ओढून घेते. बोटं गार पडली, निळसर झाली किंवा सुजली तर पट्टी आवळली आहे असं समजून ती तेव्हाच सैल करायची. ठिपकी अडीच महिन्यांची तलंग आहे, अजून वाढते आहे. आज नीट बसलेली पट्टी चार दिवसांनी नुसत्या वाढीनंच घट्ट होते.

काकडीच्या वेलाभोवतीच्या नायलॉनच्या जाळीत तिचा पाय अडकला होता. सुटायला ती गोल फिरली आणि नडगी मोडली. कातडी फाटली नव्हती, हे मोठं नशीब. हाड बाहेर आलं असतं तर पाय वाचणं कठीण होतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं, कापसाचा थर दिला, बांबूच्या दोन पातळ कामट्या लावल्या आणि पट्टी गुंडाळली. त्याआधी मात्र त्यांनी तिला बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. या वयाचं पिल्लू एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसलं, आणि मार कुठेच दिसला नाही, तर मारेकचा संशय घ्यावा लागतो. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ साली या रोगाचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला पडलं. तो विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. हॅचरीतल्या पिल्लांना पहिल्याच दिवशी मानेत त्याची लस टोचतात. आमची पिल्लं खुडूक कोंबडीखाली घरात निघालेली, त्यांना ती कुठून मिळणार? पण ठिपकीची नडगी सुजलेली होती, गरम होती, आणि हाताला हाड सरकलेलं कळत होतं. डॉक्टर म्हणाले, मोडलंय, आणि मला हायसं वाटलं.

पावणेसात

बाकीच्या कोंबड्या खुराड्यातून सुटल्या की खळ्यात धावतात. ठिपकीला मी उचलून उन्हात आणते. कोवळं ऊन तिला रोज हवंच, कारण त्याशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही. शेजारी सांगतात की शिंपल्यांचा चुरा घाल, हाड लवकर जुळेल. तो अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी. अंड्यावर न आलेल्या तलंगेला तेवढं कॅल्शियम जास्त होतं, त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बारीक चिरून, नाचणीच्या पिठात थोडं उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं. आज तिनं अंडं आधी वेचून खाल्लं, पीठ नंतर.

दुखणं कमी करायचं औषध डॉक्टरांनी वजन करून, थेंबांत मोजून दिलंय. माणसाची गोळी चुरून घालायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. औषध चोचीच्या कडेनं, एकेक थेंब सोडायचं आणि ती गिळेपर्यंत थांबायचं. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. घाईनं चमचा ओतला तर औषध पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात जातं.

आठ

हळवं भात कापणीला आलंय. हे आधीच कोयती घेऊन गेलेत, मलाही निघायला हवं. ठिपकीचं डालगं आंब्याखाली ठेवते. तिथं सावली आहे आणि इतर कोंबड्या आजूबाजूला चरत असतात. तिला माजघरात कोंडून ठेवणं सोपं पडलं असतं, पण मी ते करत नाही. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड पक्की असते. थोरलेइफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकानं १९२२ साली ती लिहून प्रसिद्ध केली, पण खळ्यात बसणाऱ्या कुठल्याही बाईला ती माहीत असते. पिल्लू दोन-तीन आठवडे नजरेआड झालं की परत आल्यावर ते परकं ठरतं. डालग्याच्या फटींतून रोज एकमेकींना दिसत राहिल्या, तर पुढं कमी मार बसतो. आत्ताच मोकळं मात्र सोडता येत नाही. कुठं रक्ताचा लाल ठिपका दिसला तरी सगळ्या तिथंच टोचायला लागतात.

पाण्याची वाटी तिच्या चोचीपासून वीतभर अंतरावर, विटेच्या आधारानं ठेवली. सासूबाईंना सांगितलं, “आई, पाणी तेवढं बघा. वाटी उपडी झाली तर ती उठून दुसरीकडे जाणार नाही.”

“जा गो तू. मी हितंच हाय,” त्या सुपातले तांदूळ निवडत म्हणाल्या.

पाय मोडल्यानं कोंबडी सहसा मरत नाही. वाटी हातभर लांब राहिल्यानं मरते, स्वतःच्या घाणीत बसून मरते, माश्या बसून किडे पडल्यानं मरते. तरण्या पक्ष्याचं हाड बांधून नीट ठेवलं तर साधारण तीन आठवड्यांत जुळतं, तो भाग निसर्गाचा आहे. त्या तीन आठवड्यांत तिला तहान, भूक, घाण आणि मार यांपासून वाचवणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते रोज करावं लागतं.

साडेबारा

अश्विनातलं ऊन कापणीच्या वेळी डोक्यावर येतं. परतले तेव्हा ठिपकी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. कोंबडीला घाम येत नाही, ती अशीच अंग थंड करते. सावली सरकली होती. सासूबाईंनी डालगं ओढलं होतं, वाटीतलं पाणीही बदललं होतं. मी तिला पडवीत आणली, थोडी शांत झाल्यावर तिचं पोट पाहिलं. बसून राहणाऱ्या कोंबडीच्या छातीच्या मधल्या हाडावरची कातडी आधी लाल होते, मग फुटते. म्हणून दुपारी अर्धा तास तिला झोळीत ठेवते. जुन्या सुती साडीचा चौकोन, त्याला पायांसाठी दोन भोकं आणि मागे विष्ठेसाठी एक. तो फळांच्या रिकाम्या क्रेटवर ताणून बांधलाय. चांगला पाय जमिनीला जेमतेम टेकतो. पहिल्यांदा ती फडफडली होती. आता समोर पाणी आणि कणी असली की निवांत राहते.

तोवर तूस बदलून होतो. गुळगुळीत फरशीवर तिला कधीच ठेवायचं नाही, चांगला पायही घसरून फाकतो.

दोन

शेजारच्या काकी ताक न्यायला आल्या. “सोड गो. एका तलंगेसाठी ऐन कापणीत एवढा जीव काढतेस. कापून टाक.”

काकींचं म्हणणं हिशोबाला धरून आहे. ती बाजारात चार-पाचशे रुपयांच्या वर जाणार नाही, आणि माझे तास त्याहून जास्त किमतीचे आहेत. मी त्यांना सांगितलं की औषध चालू आहे, तोवर तिला खाताही येणार नाही, डॉक्टरांनी किती दिवस थांबायचं तेही सांगितलंय. पण खरं उत्तर ते नव्हतं. म्हैस लंगडली तर आम्ही रात्रभर गोठ्यात बसतो, आणि कोणी विचारत नाही का म्हणून. तलंगेच्या नडगीतही तशीच कळ असते. आपल्या खळ्यात जन्मलेलं, आपल्या हातून दाणा खाल्लेलं जनावर बरं होऊ शकत असेल, तर त्याला बरं करायचं. मी हे काकींना असंच सांगितलं. त्यांनी डालग्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “डोळे मात्र तरतरीत आहेत हो हिचे.”

साडेचार

लेक शाळेतून आली ती दप्तर टाकून थेट बांधाकडे गेली, आणि वाळवीचं एक ढेकूळ घेऊन आली. डालगं उचलून तिनं ते ठिपकीसमोर फोडलं. मी पाहत उभी राहिले. ठिपकीनं चार-सहा वाळव्या टिपल्या, मग थांबली, आणि बांधलेल्या पायानं माती उकरायला गेली. पाय ताठ, तो मागे सरकला आणि तुसात एक रेघ उमटली. तिनं परत तोच पाय टाकला. कालपर्यंत ती तो पाय अंगाखाली घेऊन बसत होती. लेकीला म्हटलं, आता पुरे, थकेल. पण उकरायची इच्छा परत आली ही या आठवड्यातली सगळ्यात मोठी बातमी होती. त्यानंतर तिनं पंखांची पिसंही चोचीनं साफ केली. दुखणारी कोंबडी पिसांकडे बघत नाही.

साडेसहा

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात चढल्या की ठिपकी अस्वस्थ होते. तिलाही दांडीवर बसायचंय. ज्याला आपण कोंबडीचा गुडघा समजतो, तो खरा तिचा घोटा. तो दुमडला की मागून जाणारे स्नायूबंध ताणले जातात, बोटं आपोआप मिटतात, आणि ती झोपेतही दांडी धरून राहते. हिच्या कामट्या घोट्याच्या वरपर्यंत आहेत, त्यामुळे पाय दुमडत नाही. दांडीवर ठेवलं तर पडेल आणि जुळत आलेलं हाड पुन्हा मोडेल. डालग्याला गोणपाट गुंडाळून अंधार केला की ती बसते.

साडेआठ

पट्टीचं काम रात्रीच करायचं. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती झगडत नाही. यांनी बॅटरी धरली, मी ठिपकीला मांडीवर घेतलं. पंख अंगाशी मिटून धरायचे, पण छाती दाबायची नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड खालीवर झाल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही. घट्ट कवटाळून धरलेलं पिल्लू हातातच गुदमरतं.

आतल्या कामट्यांना हात लावला नाही, ते काम डॉक्टरांचं. बाहेरची मळलेली पट्टी कापून काढली. घोट्याच्या मागे कापूस थोडा सरकला होता आणि कामटीची कडा कातडीला लागत होती. तिथं लालसर वळ उठला होता, कातडी फुटलेली नव्हती. कापसाची घडी सरकवून कडा झाकली, पुन्हा पट्टी गुंडाळली आणि खाली करंगळीचं टोक जातंय ना ते पाहिलं.

“सोमवारी दवाखान्यात मी नेतो,” हे म्हणाले. “तू खालच्या शेताची कापणी उरक.”

“नेताना टोपलीत तूस घाला, नुसती फडकी नको. आणि तो वळ डॉक्टरांना आठवणीनं दाखवा.”