मागून येणाऱ्यांची मॅरेथॉन

जानेवारीतला तिसरा रविवार. पहाटेचे पाच वाजायला आलेत आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या रस्त्यावर हजारो माणसं एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत. विरारहून, कल्याणहून, पनवेलहून ती आली आहेत, बरीचशी रेल्वेने खास सोडलेल्या लोकलने. छातीवर पिनांनी अडकवलेला बिब, त्याच्यामागे वेळ मोजणारी चिप, कमरेला खजूर आणि मिठाच्या पुड्या. थोड्या वेळाने ही गर्दी सुटेल आणि एरवी चालणाऱ्याला फूटपाथही धड न देणारं हे शहर आपले सगळ्यात महागडे रस्ते तिच्या स्वाधीन करेल.

मुंबई मॅरेथॉनची सुरुवात १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. ती प्रोकॅम इंटरनॅशनलने उभी केली. पहिली चौदा वर्षं तिच्या नावाआधी स्टँडर्ड चार्टर्ड होतं, २०१८पासून टाटा आहे. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं ती झाली नाही. २०२३ला पुन्हा भरली, तेव्हा सगळ्या गटांत मिळून पन्नास हजारांहून जास्त लोक होते. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, अर्धमॅरेथॉन, दहा किलोमीटर, ज्येष्ठ नागरिकांची आणि दिव्यांगांची दौड आणि जेमतेम सहा किलोमीटरची ‘ड्रीम रन’ असे तिचे गट आहेत. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी फोटो येतो तो पहिल्याचा. पण ही शर्यत शहराची झाली ती मागून येणाऱ्यांमुळे, आणि त्याचं कारण तिच्या मार्गात व वेळापत्रकात दडलेलं आहे.

पूर्ण मॅरेथॉनचा मार्ग दक्षिण मुंबईतून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी असं करत वांद्रे-वरळी सागरी सेतूवर चढतो. २००९मध्ये खुल्या झालेल्या या साडेपाच किलोमीटरच्या सेतूवर एरवी पायी जायला बंदी आहे, दुचाकीलाही. मुंबईकराला तो आपल्या पायांनी ओलांडता येतो तो या शर्यतीतच. तिथून वांद्रे, माहीम, शिवाजी पार्कची बाजू, प्रभादेवी आणि पुन्हा वरळीमार्गे परत दक्षिणेकडे.

आता वेळ बघा. हौशी धावपटू पाचच्या सुमारास सुटतात, सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. सव्वातीन तासांत संपवणाऱ्या तयारीच्या गड्याचा निम्म्याहून जास्त रस्ता अंधारात सरलेला असतो. त्याला भेटतात दिव्याचे खांब आणि पाण्याचे टेबल. साडेपाच तास घेणाऱ्याला मात्र साधारण सेतूवरच उजाडतं, आणि परतीच्या वाटेवर तो येतो तोवर शहर चहा पिऊन खाली उतरलेलं असतं. आफ्रिकेचे नामांकित धावपटू त्याच्याही मागून, सातनंतर सुटतात आणि वाऱ्यासारखे निघून जातात. त्यांना टाळ्या मिळतात, पण संत्र्याची फोड घ्यायला त्यांना फुरसत नसते.

ती फोड खरी लागते पेडर रोडला. हा चढ दोनदा येतो. जाताना पाय ताजे असतात, त्यामुळे तो फारसा जाणवत नाही. येताना पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे तोच चढ उभा राहतो, तेव्हा स्नायूंतला साखरेचा साठा संपत आलेला असतो. धावणारे याला ‘वॉल’ म्हणतात. त्यात मुंबईची दमट हवा. घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, मीठ मात्र वाहून जातं आणि पोटऱ्यांत गोळे येतात. इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३मध्ये इथला विक्रम केला तो २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा. त्याच वर्षी शिकागोत केल्विन किप्टमने जागतिक विक्रम नोंदवला २ तास ३५ सेकंदांचा. मधल्या सात मिनिटांत हवेचा आणि चढउतारांचा वाटा मोठा आहे.

तर अशा ठिकाणी नेमकी इमारतींतली माणसं ताटं घेऊन उभी असतात. संत्री, चिक्की, गुळाचे खडे, मीठ लावलेलं लिंबू, ग्लुकोजची बिस्किटं. पंगतीत जिलबीचा आग्रह व्हावा तसा आग्रह होतो: “घ्या हो काका, एक तरी घ्या!” शाळकरी पोरं हात पुढे करून टाळी मागतात. कुणी गोळा आलेल्या पायावर स्प्रे मारतं. बिबवर नाव छापलेलं असतं, त्यामुळे अनोळखी बाई नावानिशी हाक मारून सांगते, “चला, आता उतारच आहे.” उतार थोडाच असतो, पण माणूस पुन्हा पळू लागतो.

या गर्दीतून खरी गुणवत्ताही वर आली आहे. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरने २०१४मध्ये भारतीय महिलांमधल्या विजयाची हॅट्‌ट्रिक इथेच पूर्ण केली. मग ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली.

ड्रीम रनचा मामला निराळा. तिथे वेळ कुणी मोजत नाही. फलक, वेशभूषा, ढोल-ताशा, ऑफिसांच्या टोळ्या आणि स्वयंसेवी संस्था. युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत धावणारे आपापल्या संस्थेसाठी ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या गोळा करतात. शर्यतीच्या निमित्ताने आजवर शेकडो कोटी रुपये उभे राहिले आहेत. ही जत्रा आहे, धावणं नव्हे, असं म्हणत गंभीर धावपटू नाकं मुरडतात. पण या जत्रेत सेल्फी काढत चाललेल्यांपैकी काही जण पुढच्या वर्षी दहा किलोमीटरला नाव घालतात, आणि मग रविवारी पहाटे शिवाजी पार्कला किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रोडला ‘लाँग रन’ करताना दिसू लागतात.

कुरकुर करण्यासारखंही पुष्कळ आहे. प्रवेशशुल्क आणि बूट दोन्ही सगळ्यांच्या खिशाला परवडत नाहीत. रस्ते बंद असल्याने टॅक्सीवाल्याची सकाळ जाते. चेंगरलेल्या बाटल्यांचा खच उचलायला पालिकेचे सफाई कामगार येतात, त्यांच्या गळ्यात कुणी पदक घालत नाही.

तरीही बघायला जाच, आणि त्यासाठी पहाटे उठायची गरज नाही. नऊनंतर पेडर रोडला पोहोचा, विजेते कोण हे विचारू नका. एक डझन संत्री सोलून न्या. अर्ध्या तासात संपतील.