अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीला

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षिका निवृत्त झाल्या. आम्ही सगळ्या त्यांना आपा म्हणतो. निरोप समारंभ छान झाला, भाषणे झाली, डोळेही पाणावले. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले, तर आपा खिडकीपाशी गप्प बसलेल्या. "आता काय, दिवस मोजायचे," म्हणाल्या. वय वर्षे अठ्ठावन्न! तेव्हा मी त्यांना मिस लिलियन यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

लिलियन कार्टर या अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई. पण ही गोष्ट मुलगा राष्ट्राध्यक्ष होण्याच्या दहा वर्षे आधीची आहे. तेव्हा त्या जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या छोट्या गावातल्या एक विधवा बाई होत्या, एवढेच. त्यांनी तरुणपणी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. त्या काळी तिथे गोरे आणि काळे यांच्यात कडक शिवाशिव होती. कृष्णवर्णीय माणूस गोऱ्यांच्या घरी आला तर त्याने मागच्या दाराशी उभे राहायचे. लिलियनबाई मात्र कृष्णवर्णीयांच्या घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करत. त्या वस्तीतल्या धर्मगुरूंचा शिकलेला मुलगा भेटायला आला की त्याला पुढच्या दाराने आत घेत. पतीला ते रुचत नसे. ते अशा वेळी घराबाहेर निघून जात, पण बाईंनी आपली रीत सोडली नाही.

१९५३ साली पती वारले. चार मुले आपापल्या मार्गाला लागलेली. बाईंनी काही वर्षे एका विद्यापीठात मुलांच्या वसतिगृहाची देखरेख केली, मग एक शुश्रूषागृह सांभाळले. तरी रिकामपण जाईना. अशात एके दिवशी दूरचित्रवाणीवर पीस कोअरची जाहिरात दिसली. परदेशात स्वयंसेवक पाठवणारी ही अमेरिकी सरकारची संस्था १९६१ साली सुरू झाली. स्वयंसेवकाने साधारण दोन वर्षे त्या देशातल्या लोकांत राहायचे, तिथली भाषा शिकायची आणि पोटापुरत्या भत्त्यात भागवायचे. वयाची अट नाही, असे जाहिरातीत म्हटले होते. बाईंनी अर्ज केला. प्रशिक्षण झाले आणि १९६६ च्या अखेरीस त्या मुंबईजवळच्या विक्रोळीत, गोदरेजच्या कामगार वसाहतीत येऊन दाखल झाल्या.

आता कोणी म्हणेल, थोर बाई, आल्या आणि सेवेला लागल्या. तसे झाले नाही, आणि म्हणूनच मला ही गोष्ट आवडते. त्यांनी घरी पाठवलेली पत्रे पुढे १९७७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. त्यांत घरची ओढ आहे, थकवा आहे, चिडचीड आहे. सुरुवातीला काम मिळाले कुटुंबनियोजनाचे. त्या वर्षांत सरकारने शस्त्रक्रियांवर मोठा भर दिला होता. अनोळखी देशातल्या माणसांच्या इतक्या खासगी गोष्टीत आपण शिरायचे, हे बाईंच्या मनाला मानवेना. त्यांचा ओढा होता दवाखान्याकडे. तिथे रोज रांग लागे. हळूहळू त्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागल्या. इंजेक्शने देणे, जखमा धुणे, लहान मुलांना पाहणे सुरू झाले. औषधे कमी पडत, तेव्हा अमेरिकेत पत्रे धाडून ती मिळवण्याची खटपट त्या करत.

त्या दवाखान्यात एकदा कुष्ठरोग झालेली लहान मुलगी आली. ज्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची शिवाशिव मानली नाही, त्यांचाच हात त्या दिवशी मागे आला. काम कसेबसे उरकले आणि मग त्या हात घासघासून धूत राहिल्या. पुढे मात्र त्याच मुलीला जवळ घेण्याइतके त्यांचे मन मोकळे झाले. या प्रसंगावर जिमी कार्टर यांनी नंतर कविताही लिहिली. मला वाटते, खिदमतीचा खरा आरंभ इथे होतो. मदत करणारा आधी स्वतःच्या भीतीशी आणि किळसेशी झगडतो. ते न लपवता लिहून ठेवायला मोठे मन लागते.

दुसरी गोष्ट माळ्याच्या मुलीची. माळीबाबा त्यांना भाजी आणून देत. बदल्यात बाई त्यांच्या मुलीला लिहायला-वाचायला शिकवत. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. एकाकडे भाजी होती, दुसरीकडे अक्षरे. पुढे ही मुलगी खूप शिकली आणि विद्यापीठातल्या मोठ्या पदावर पोहोचली, असे जिमी कार्टर यांनी सांगितले आहे.

बाईंचा जन्म १५ ऑगस्टचा, आपल्या स्वातंत्र्यदिनाचा. १९६८ साली सत्तरावा वाढदिवस त्यांनी विक्रोळीतच साजरा केला. त्याच वर्षी त्या घरी परतल्या, तेव्हा इतक्या खंगल्या होत्या की घरच्यांना धक्का बसला. तब्येत सावरल्यावर त्यांनी गावोगावी जाऊन आपला अनुभव सांगितला.

फेब्रुवारी १९७७ मध्ये आपले राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. तेव्हा अमेरिकेतर्फे अंत्यविधीला कोण आले? याच लिलियनबाई. मुलगा नुकताच राष्ट्राध्यक्ष झाला होता. त्या भेटीत त्या विक्रोळीलाही जाऊन आल्या. १९८३ साली त्या वारल्या. पन्नाशीनंतर सेवेला गेलेल्या स्वयंसेवकांसाठी पीस कोअरने त्यांच्या नावाने पुरस्कार ठेवला आहे.

आपांनी सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाल्या, "बेटा, माझे गुडघे मला जिना उतरू देत नाहीत. मी कुठली परदेशात जाते?"

मी म्हटले, "आपा, जिना उतरायचाच कशाला? खालच्या वॉचमनची मुलगी चौथीत आहे, तिला अजून जोडाक्षरे येत नाहीत. तिलाच वर बोलवा."

आपा काही बोलल्या नाहीत. पण शाळा सुरू झाल्यावर पुन्हा गेले, तर टेबलावर पाटी होती. पहिल्या आठवड्यात ती मुलगी दोनच दिवस आली, अशी तक्रार आपांनी केली. दुसऱ्या आठवड्यात धाकट्या भावालाही घेऊन आली. आता आपा मला म्हणतात, "येताना फोन करून ये, साडेपाचला माझा वर्ग असतो."

भगिनींनो, आपल्या घरांत अशा कितीतरी आपा, खाला आणि दादी खिडकीपाशी बसलेल्या आहेत. कोणाला शिवण येते, कोणाला हिशेब, कोणाला बाळंतिणीची काळजी घेणे. आपण त्यांना "आता आराम करा" असे प्रेमाने सांगतो. या वेळी जरा वेगळे विचारून पाहू या : "आम्हाला काय शिकवाल?"