'ग्रीन मार्स'चे गणित चुकले, वाद टिकला

किम स्टॅनली रॉबिन्सन या अमेरिकन लेखकाच्या मंगळ-त्रयीतली मधली कादंबरी 'ग्रीन मार्स' 1993 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिने ह्यूगो पुरस्कार पटकावला. तिच्या आधीच्या 'रेड मार्स'ला नेब्युला मिळाला होता, नंतरच्या 'ब्लू मार्स'ला 1997 मध्ये पुन्हा ह्यूगो मिळाला. तीन दशकांत मंगळाविषयीचे ज्ञान इतके पालटले आहे की, या कादंबरीचे विज्ञान शिळे झाले, असा आक्षेप आता घेतला जातो. आक्षेप बरोबर आहे. पण माझ्या मते त्यातच तिची थोरवी आहे. पुढच्या संशोधनाला खोडून काढता यावे इतके नेमके लिहिण्याची हिंमत फार थोड्या विज्ञानकथांमध्ये असते. आणि गणित खोडले गेल्यावरही कादंबरीतला मूळ वाद तसाच उभा राहतो, हे त्याहून महत्त्वाचे.

आधी गणित पाहू. मंगळावरच्या हवेचा दाब सुमारे 6 मिलिबार, म्हणजे पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास. कादंबरीतले वसाहतकार अंतर्गत उष्णता वर आणण्यासाठी कित्येक किलोमीटर खोल विवरे खणतात, कक्षेत प्रचंड आरसा उभारून सूर्यप्रकाश वाढवतात, उष्णता धरून ठेवणारे वायू हवेत सोडतात, जनुके बदललेली दगडफुले खडकांवर पसरवतात. ग्रह थोडा तापवला की ध्रुवांवरचा आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड सुटेल, त्याने ग्रह आणखी तापेल, आणखी वायू सुटेल, ही यामागची साखळी. ती रॉबिन्सन यांनी मनाने रचली नव्हती. कार्ल सेगन यांनी ती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती. 1991 मध्ये मॅके, टून आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये तिचा सविस्तर हिशेब दिला. त्यात एक मोठा 'जर' होता: मंगळाच्या पोटात पुरेसा कार्बन डायऑक्साइड शिल्लक असेल तर. हा 'जर' तपासण्याचे साधन तेव्हा नव्हते. व्हायकिंग याने उतरली ती 1976 मध्ये, आणि 'मार्स ऑब्झर्व्हर' हे यान तर 1993 च्या ऑगस्टमध्ये मंगळाजवळ पोहोचता पोहोचता गप्प झाले.

उत्तर आले ते नंतर. 2014 च्या सप्टेंबरमध्ये आपले मंगळयान कक्षेत शिरले त्याच आठवड्यात नासाचे 'मेव्हन'ही तिथे पोहोचले. मंगळाची हवा सौर वाऱ्यामुळे अवकाशात कशी निसटत गेली, याची मोजणी त्याने केली. 2018 मध्ये जाकोस्की आणि एडवर्ड्स यांनी उरलेल्या साठ्याचा ताळेबंद मांडला: ध्रुवांवरचा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी दाब 15 मिलिबारच्या आसपास जाईल, इतर आवाक्यातले साठे धरूनही फार तर 20. पृथ्वीवर तो हजाराच्या घरात आहे. शिवाय 'फिनिक्स' यानाला 2008 मध्ये मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे थायरॉइडला घातक क्षार सापडले. त्यांची कल्पना कादंबरी लिहिताना कुणालाच नव्हती. आता कुणी म्हणेल, मंगळाच्याच धुळीतून बनवलेले सूक्ष्म धातुकण हवेत सोडून तापमान 30 अंशांनी वाढवता येईल, असा प्रस्ताव 2024 मध्ये आला आहे, मग साखळी संपली कुठे? पण ऊब वेगळी आणि श्वास वेगळा. वनस्पतींच्या मार्गाने पुरेसा ऑक्सिजन साठायला लाख वर्षे लागतील, असे 1991 च्या लेखातच म्हटले होते. कादंबरीत मात्र शंभरेक वर्षांतच माणसे फक्त कार्बन डायऑक्साइड गाळणारे मुखवटे लावून उघड्यावर चालतात. इथे रॉबिन्सन यांनी कथेसाठी काळ दामटला आहे. हा दोष त्यांच्या पदरी टाकावाच लागतो.

वादाचे मात्र तसे नाही. सॅक्स रसेल या भौतिकशास्त्रज्ञाला मंगळ जिवंत करायचा आहे. भूशास्त्रज्ञ ॲन क्लेबोर्न म्हणते, आहे तसा राहू द्या. निर्जीव दगडांना कसले हक्क, हा सॅक्सच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद. पण ॲनची बाजू मांडायला दगडांचे हक्क मानण्याची गरजच नाही, पुराव्याचे मोल मानले तरी पुरे. पृथ्वीच्या भूपट्टांच्या हालचालींनी चार अब्ज वर्षांपूर्वीचे खडक जवळजवळ पुसून टाकले. मंगळावर तितके जुने पृष्ठभाग आजही विस्तीर्ण पसरले आहेत. जीवसृष्टी कशी सुरू झाली असेल, याचे दफ्तर सूर्यमालेत कुठे शाबूत असेल तर तिथे. 'पर्सिव्हिअरन्स' बग्गीला 2024 मध्ये जेझेरो विवराच्या परिसरातल्या एका खडकावर असे ठिपके दिसले, जे प्राचीन सूक्ष्मजीवांचे असू शकतात आणि निव्वळ रासायनिक क्रियेचेही. निवाडा करायला तो नमुना पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा. तो अजून मंगळावरच आहे. भोवती आपणच नेलेले जीव पसरले, तर हा प्रश्न सोडवणे कमालीचे कठीण होईल. कादंबरीत सॅक्ससुद्धा हळूहळू ॲनचे म्हणणे ऐकू लागतो. त्रयीतला सर्वात सुंदर प्रवास मला तोच वाटतो.

हा सगळा काल्पनिक काथ्याकूट आहे, असेही म्हणता येईल. मला तसे वाटत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृथ्वीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे 280 होता, आज तो 420 च्या वर आहे. एका ग्रहाची हवा आपण आधीच बदलली आहे, तीही कुणाची संमती न घेता. आता ताप कमी करण्यासाठी स्थितांबरात कण फवारण्याच्या योजनांवर गंभीरपणे चर्चा चालते. असे निर्णय कोण घेणार, हाच 'ग्रीन मार्स'मधल्या संघर्षाचा गाभा आहे. तिथे देशांहून बलाढ्य झालेल्या कंपन्या निर्णय घेतात आणि मंगळवासी उठाव करतात. 1967 च्या अवकाश करारात परग्रहांचे हानिकारक प्रदूषण टाळण्याचे बंधन आहे, पण अख्खा ग्रह हेतुपुरस्सर पालटण्याविषयी त्यात एक शब्दही नाही. मंगळावर माणूस उतरवण्याच्या तारखा सांगणाऱ्यांनी आधी जेझेरोचे नमुने आणून तपासावेत, आणि ही परवानगी कोण देणार ते ठरवावे. त्याआधी दगडफुले नेऊ नयेत.