बमरोलीतील रक्ताचे दप्तर

सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसरा या कारखानदारीच्या वस्त्यांना लागून बमरोली आहे. शहराचे सांडपाणी येथे शुद्ध होऊन पांडेसऱ्याच्या कारखान्यांकडे पुन्हा वापरासाठी जाते, आणि गल्लीगल्लीतील यंत्रमागांचा खडखडाट दिवसाच्या कोणत्याही प्रहरी थांबत नाही. या वस्तीत ओडिशा, बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर जसे आहेत, तसेच नंदुरबार, धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांतून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेले मराठी लोकही आहेत. त्या रेल्वेवरील नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत उभे आहे. १९६०पूर्वी हा सारा मुलूख एकाच मुंबई राज्यात मोडत असल्यामुळे खानदेशातून सुरतेस येणे म्हणजे परप्रांतात जाणे नव्हते. आज ती सरहद्द आहे, आणि ज्या कामाविषयी मी लिहीत आहे त्या कामाला तिचा उपद्रव प्रवाशांपेक्षा कितीतरी अधिक होतो.

ते काम म्हणजे सिकलसेल या रक्तदोषाच्या तपासणीचे. पालिकेच्या एका मराठी शाळेत, पाचवीच्या वर्गातील बाके भिंतीकडे सरकवून, दोन मेजे एकमेकांस लावून मांडलेल्या तात्पुरत्या प्रयोगशाळेत हे काम मी बसून पाहिले. प्रमुख तंत्रज्ञ बाई मूळच्या शहाद्याकडच्या, सुरतेत वाढलेल्या. मुलाशी अहिराणी, मुख्याध्यापकांशी मराठी आणि औषधांच्या पेट्या घेऊन आलेल्या चालकाशी गुजराती अशा तीन भाषा त्या एका श्वासात बोलत. मुले रांगेने येत, उजव्या हाताचे बोट पुढे करीत आणि मान डावीकडे वळवीत. या मान वळविण्यात मुलगे मुलींपेक्षा फार तत्पर होते.

चाचणी दिसावयास इतकी साधी आहे, की ती पाहणाऱ्यास शास्त्राविषयी थोडी निराशाच वाटावी. फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात सॅपोनिन आणि सोडियम डायथायोनाइट मिसळून केलेला, पाण्यासारखा दिसणारा दोन मिलिलिटर द्रव एका काचनळीत घ्यावयाचा, त्यात वीस मायक्रोलिटर रक्त, म्हणजे एका थेंबाहूनही कमी, सोडावयाचे, नळी हलवून ती पाच मिनिटे उभी ठेवावयाची आणि मग काळ्या रेघा ओढलेल्या कागदासमोर धरून पलीकडच्या रेघा दिसतात की नाही तेवढे पाहावयाचे. सॅपोनिन तांबड्या पेशी फोडते, डायथायोनाइट त्यांतील हिमोग्लोबिनचा प्राणवायू काढून घेते; नेहमीचे हिमोग्लोबिन अशा अवस्थेतही द्रावणात विरघळून राहते आणि नळी लालसर पारदर्शक दिसते, परंतु सिकलचे हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रव गढूळ होतो आणि रेघा नाहीशा होतात. प्रत्येक तुकडीबरोबर बाई दोन जादा नळ्या लावीत: एकीत दोष असल्याचे ठाऊक असलेले रक्त, दुसरीत नसल्याचे ठाऊक असलेले. त्या दोन नळ्यांनी आपापला अपेक्षित जबाब दिल्याखेरीज उरलेल्या नळ्यांकडे त्या पाहतसुद्धा नसत. डायथायोनाइटची भुकटी दमट हवेत लवकर खराब होते, आणि सुरतेची पावसाळ्यातील हवा कशी असते हे तेथे एक श्रावण काढलेल्या माणसास सांगावयास नको. म्हणून द्रव सकाळीच ताजा करावयाचा आणि उरला तर संध्याकाळी ओतून द्यावयाचा, हा त्यांचा नियम होता. मोजके साहित्य ओतून देताना हिशेबनिसांच्या कपाळाला आठ्या पडत, त्या बाई दुरूनच पाहत आणि ओतीत.

या गढूळपणामागील कारण मात्र साधे नाही, आणि ते शोधून काढण्यास अर्धशतक लागले. शिकागोत शिकावयास आलेल्या ग्रेनाडा बेटावरील एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचे जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. आणि १९५६-५७च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या रेणूच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते, इतका एकच फरक हुडकून काढला. एका घटकाच्या अदलाबदलीने प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब दोर तयार होतात, पेशी ताठ आणि वाकडी होते, सूक्ष्म वाहिन्यांत अडकते, आणि सुमारे एकशेवीस दिवस जगावयाची ती पंधरा-वीस दिवसांतच फुटून जाते. आपल्याकडे १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत हा दोष प्रथम नोंदविला, आणि १९५८ साली नागपूरहून शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व जाहीर केले. त्यानंतर सातपुड्याच्या दोन्ही अंगांस जेथे जेथे कोणी नळी लावली, तेथे तेथे तो सापडत गेला: नंदुरबारकडे भिल्ल, पावरा, मावची यांच्यात, आणि तापीच्या खालच्या अंगास वसावा, गामित, चौधरी, धोडिया यांच्यात.

हा दोष याच मुलखात इतका का, याचे उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते, त्यास जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. तेव्हा ज्या अरण्यांत डासांनी पिढ्यान्‌पिढ्या बालके नेली, तेथे एका प्रतीचे वाहक तगून राहिले, आणि त्यांच्या संख्येचे मोल दोन प्रती घेऊन जन्मलेल्या मुलांनी चुकते केले. याला निसर्गाचे औदार्य म्हणण्याची एक चाल पडली आहे. मला तो सावकारी व्यवहार वाटतो.

येथे प्राणिशास्त्रातील एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. मानवाच्या रक्तात विळ्याच्या पेशी दिसण्याच्या सत्तर वर्षे आधी, १८४० साली, जॉर्ज गलिव्हर यांनी लंडनमध्ये मृगांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली घातले, तेव्हा त्यांना तशाच वाकड्या पेशी आढळल्या होत्या. मृगकुळातील अनेक जातींत त्या होतात. परंतु माणसात प्राणवायू कमी झाल्यावर जे घडते, ते मृगाच्या पेशीत प्राणवायू भरपूर असताना घडते, आणि त्यापासून त्या जनावरास काही आजार झालेला दिसत नाही. म्हणजे वाकडेपणा हाच रोग, असे नाही. ज्यांना हा रोग खरोखर होतो असे उंदीर मानवी जनुके घालून १९९७ साली प्रयोगशाळेत तयार करण्यात आले, आणि त्यांच्यावर पुढील औषधांची पारख होऊ लागली. शाळेतील बाईंना मी हे मृगांचे सांगितले, तेव्हा त्यांनी हातातील नळीवरून नजर न काढता विचारले, “मग त्यांची नोंद कोण ठेवतो?”

हा प्रश्न विनोदाने विचारला होता, तरी त्यांच्या साऱ्या कामाचा भार त्यात होता. कारण नळीतील चाचणी पाच मिनिटांची. तिच्यानंतरचे काम दप्तराचे, आणि तेच वर्षानुवर्षे चालते. गढूळ झालेली नळी दोष आहे एवढेच सांगते. मूल वाहक आहे की रोगी, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी शिरेतून रक्त घेऊन, जांभळ्या टोपणाच्या नळीत भरून, एचपीएलसी यंत्राकडे पाठवावे लागते. त्या यंत्रात रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार एका बारीक स्तंभातून आपापल्या वेगाने बाहेर पडतात आणि कागदावर शिखरे उमटवितात. गर्भावस्थेतील एफ हे सुमारे एका मिनिटाशी, नेहमीचे ए अडीच मिनिटांच्या अलीकडेपलीकडे, ए-टू साडेतीनच्या पुढे, आणि सिकलचे एस साडेचार मिनिटांच्या आसपास. ए आणि एस अशी दोन्ही शिखरे असून ए मोठे असेल तर ते मूल वाहक. ए नाहीसे होऊन एस सर्वात उंच झाले तर बहुधा रोगी. सहा मिनिटांत यंत्र आपला निकाल देते. तो निकाल ज्याचा आहे त्याला गाठण्यास मात्र महिने लागतात, आणि कधी तो गाठलाच जात नाही.

अडचण कोठे येते, ते बाईंच्या नोंदवहीत सरळ दिसते. मूल शाळेच्या पटावर एका नावाने, घरी दुसऱ्या नावाने. कुटुंब नंदुरबारच्या शिधापत्रिकेवर वसावे आणि सुरतेच्या भाडेचिठ्ठीवर वसावा. होळीला गावी गेलेले घर अक्षयतृतीयेपर्यंत परत येत नाही, आणि परत येते तेव्हा बमरोलीतील जुन्या खोलीत न येता डिंडोलीत किंवा भेस्तानला उतरते. गुजरात सरकारचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००६पासून चालू आहे. त्याच्या पाठीशी वलसाड रक्तदान केंद्रातील डॉ. यझदी इटालिया यांचे अनेक वर्षांचे श्रम आहेत, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला, आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प सोडण्यात आला. संकल्प मोठा आहे, आणि तो व्हावा. परंतु सात कोटी नळ्या हलविणे हे त्यातील सोपे अंग आहे, अशी माझी खातरजमा त्या वर्गात बसून झाली. बाईंनी छापील नमुन्यात नसलेले दोन रकाने आपल्या हाताने पट्टीने आखून घेतले होते: गावाकडच्या पाड्याचे नाव, आणि गावी कायम राहणाऱ्या एका नातलगाचा फोन. सुरतेतला क्रमांक त्या घेत, पण त्यावर विसंबत नसत. “इथला नंबर रिचार्जपुरता,” त्या म्हणाल्या.

दुपारी एका मुलाची आई आली. तिच्या मुलाचा मागील वेळचा निकाल रोगी असा होता. “मना पोऱ्याले काय व्हयनं?” एवढेच तिने विचारले, आणि बाई मेज सोडून तिच्याशेजारी बाकावर जाऊन बसल्या. थंडीत हातपाय का दुखतात, पाणी सारखे का पाजावे, ताप आल्यास न थांबता दवाखाना का गाठावा, लशी का चुकवू नयेत, आणि हायड्रॉक्सियुरियाची गोळी बरे वाटू लागले म्हणून बंद का करू नये, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. त्या गोळीने गर्भावस्थेतील एफ हिमोग्लोबिन वाढते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत वेदनेचे झटके तिने जवळजवळ निम्म्यावर आणले. आपल्याकडील रोग्यांत एफ हिमोग्लोबिन मुळातच अधिक असते, त्यामुळे कित्येकांचा आजार तुलनेने सौम्य असतो, हे खरे. पण ‘तुलनेने’ हा शब्द त्या आईसमोर काढण्यासारखा नव्हता. मुलाचे वडील पाळी संपवून मागाहून आले, आणि नवऱ्याबायकोत एकेक प्रत असली तर प्रत्येक खेपेस चारांत एक हा हिशेब बाईंनी मांडताच म्हणाले, “म्हणजे ताण्यात एक धागा खराब लागला, की ताका संपेपर्यंत कापडात दिसत राहतो, तसं.” बाईंनी ते मान्य केले नाही. धागा दिसतो, वाहक दिसत नाही, हेच तर सांगते आहे, असे त्या म्हणाल्या.

संध्याकाळी शाळा बंद झाल्यावरही त्यांचे काम संपले नव्हते. शिबिरात तपासलेल्या एका गर्भवतीचा निकाल वाहक असा आला होता आणि तिला नववा आठवडा चालू होता. गर्भाची तपासणी करावयाची ठरल्यास वारेच्या अंकुराचा नमुना दहाव्या ते बाराव्या आठवड्यांत घेतात, आणि ती मुळात करावी की नाही हे नवऱ्याचे रक्त पाहिल्यावाचून ठरत नाही. नवरा रात्रपाळीचा कारागीर. दिवसा झोपलेला, रात्री लूमवर. पाळी बदलण्याच्या वेळी, सातच्या सुमारास, बाई कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. मुकादमाने प्रथम हरकत घेतली, मग स्वतःच त्याला हाक मारून बाहेर आणले. मागांच्या आवाजात बोलणे अशक्य होते, तेव्हा सारा संवाद खुणांनी झाला. बाईंनी शिरेतून रक्त घेतले, त्यातले थोडे तेथेच पायरीवर द्रवात सोडले आणि पाच मिनिटे घड्याळ पाहिले. रेघांचा कागद त्यांनी विजेच्या दिव्याखाली धरला. रेघा स्वच्छ दिसत होत्या.

तो माणूस हसला, मुकादमही हसला, आणि मीही वही मिटू लागलो. बाई हसल्या नाहीत. स्वच्छ नळी सिकल नाही असे सांगते. थॅलसेमियाविषयी ती काहीच सांगत नाही, आणि आईकडून सिकलची व बापाकडून बीटा थॅलसेमियाची अशी एकेक प्रत घेऊन आलेले मूलही आजारीच असते. त्याचा पत्ता ए-टूच्या वाढलेल्या शिखरावरूनच लागावयाचा. त्यांनी जांभळ्या टोपणाच्या नळीवर त्याचे नाव, पाडा आणि तालुका लिहिला, गावाकडील फोन दोनदा विचारून घेतला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘सॉल्युबिलिटी निगेटिव्ह. एचपीएलसी बाकी. निकाल येईपर्यंत पत्नीस काही सांगू नये.’