सण सर्वांचा

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील घरांचे रूप पालटते. दारात रांगोळी उमटते, उंबरठ्यावर पणत्या तेवू लागतात आणि स्वयंपाकघरातून चकल्या-अनारशांचा खमंग वास दरवळतो. मात्र ज्या घरी त्या वर्षी कोणाचा मृत्यू झालेला असतो, तेथे सहसा फराळासाठी कढई चढत नाही. अशा वेळी आप्तेष्ट व शेजारीपाजारी आपल्या घरचा फराळ डब्यांत भरून त्या घरी पोहोचवितात. त्या घरी कसे वागावे, हे कोणास शिकवावे लागत नाही. ती रीतच आहे. घरात कोणी तापाने अंथरुणास खिळलेले असले, तर त्याचीही आपुलकीने विचारपूस होते.

परंतु एक दुःख असे आहे की, त्यासाठी समाजाजवळ अशी रीत नाही. ते दुःख म्हणजे मनाचा आजार. ज्या घरी असा आजारी माणूस असतो, त्या घरची मंडळी पुष्कळदा सणाच्या दिवशी दार लोटून घेतात. शेजाऱ्यांनाही काय बोलावे हे कळत नाही; म्हणून तेही त्या दारावरून तसेच पुढे निघून जातात.

शरीराप्रमाणे मनही आजारी पडते. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला कशातच गोडी वाटत नाही. स्किझोफ्रेनिया या आजारात, जे आवाज इतरांना ऐकू येत नाहीत ते रोग्याला ऐकू येतात, आणि निराधार संशय त्याला छळतात. काही आजारांत मन कधी अतिशय उत्तेजित होते, तर कधी खोल विषादात बुडते. मेंदूतील घडामोडी, आनुवंशिकता आणि आयुष्यात सोसावे लागलेले आघात अशी अनेक कारणे यामागे असतात. हा कोणाचा अपराध नव्हे आणि कोणत्याही पापाचे फळ नव्हे. औषधे, तज्ज्ञांशी होणारे संभाषण आणि आप्तांचा आधार यांच्या योगे पुष्कळ रोग्यांना बरे वाटते.

मग सणासारखे आनंदाचे दिवसच अशा माणसाला जड का जातात? याचे उत्तर त्याच्या दिनक्रमात सापडते. ठरलेल्या वेळी झोप, ठरलेल्या वेळी जेवण आणि ठरलेल्या वेळी औषध, यांवर त्याचे स्वास्थ्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. सणात नेमकी हीच घडी विस्कटते. रात्री उशिरापर्यंत फराळाची तयारी चालते आणि पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठावे लागते. झोप मोडल्यामुळे काही आजार उलटण्याचा संभव असतो. फटाक्यांच्या आवाजाने मन दचकते. प्रवासाच्या गडबडीत किंवा उपवासाच्या दिवशी औषधाची गोळी राहून जाते. त्यात पाहुणे येतात आणि ‘हल्ली काय करतोस?’ असे सहज विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण आजारामुळे ज्याचे शिक्षण किंवा नोकरी सुटली आहे, त्याला तो प्रश्न काट्यासारखा रुततो. सगळे आनंदात असताना आपणच तेवढे उदास, या विचाराने त्याचे दुःख दुणावते.

जाणती कुटुंबे यावर आधीच उपाय योजतात. दवाखाने सुटीत बंद राहतील हे ओळखून ती औषधे अगोदर आणून ठेवतात. गर्दी असह्य झाल्यास बसण्यासाठी घरातील एक शांत खोली ती मोकळी ठेवतात. सर्व विधींना हजर राहण्याचा आग्रह न धरता, ‘जेवढे जमेल तेवढा वेळ ये,’ असे ती आजारी माणसाला सांगतात. रोग्याची काळजी घेणारी आई किंवा बहीणही थकते, हे ओळखून कामे वाटून घेतली जातात.

तथापि घरातल्या घरात सोसण्यालाही मर्यादा असतात. अशा कुटुंबांना दुसऱ्या कुटुंबांची सोबत लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचे शहर आहे. तेथे हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन मातांचे मुलगे स्किझोफ्रेनियाने आजारी होते. मुलाच्या अशा आजाराला आईचे वागणेच कारणीभूत असते, असे त्या काळापर्यंत कित्येक तज्ज्ञही मानीत असत. मुलाच्या दुःखात या दोषारोपाची भर पडे. १९७७ साली या दोघी भेटल्या, बोलल्या आणि त्यांनी इतर कुटुंबांना एकत्र आणले. १९७९ साली मॅडिसन येथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून दोनशेहून अधिक माणसे जमली आणि एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ‘नामी’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. आज तिच्या शेकडो शाखा आहेत. रोग्यांचे नातेवाईकच तेथे दुसऱ्या नातेवाइकांना आजाराची माहिती देतात आणि शासनाकडे उपचारांच्या सोयी मागतात. नाताळच्या सुमारास अशा कुटुंबांना विशेष मार्गदर्शन मिळते. २०१४ साली या संस्थेने केलेल्या पाहणीत, मानसिक आजार असलेल्या शंभरांपैकी चौसष्ट जणांनी सणासुदीत आपला त्रास वाढतो असे सांगितले.

महाराष्ट्रातही असे काम उभे राहिले. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या घरातच त्यांनी हा आजार जवळून पाहिला होता. रोग्यांच्या कुटुंबांना आधार मिळावा म्हणून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. २००४ सालचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट अशाच एका रोग्याची आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची कथा सांगतो. त्याच्या निर्मितीस या संस्थेचे साहाय्य लाभले.

अनेकांनी मिळून केलेली मागणी कायद्यापर्यंत पोहोचते. भारतात २०१७ साली मानसिक आरोग्यसेवेचा कायदा संमत झाला. मानसिक उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही वेळी, सणाच्या दिवशीही, मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.

कायदा उपचाराची वाट मोकळी करतो; पण शेजाऱ्याचे दार माणसालाच ठोठवावे लागते. त्यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. आजारी माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी, ‘वेडा’ म्हणून त्याची चेष्टा करू नये, आणि तो बोलला तर ऐकावे, न बोलला तर मुकाट्याने जवळ बसावे. त्याच्या खिडकीखाली फटाके लावू नयेत. घरचा फराळ डब्यात भरून तेथेही पोहोचवावा. ही रीत अजून रूढ व्हावयाची आहे. आणि रूढ करण्यास बालवयही पुरेसे आहे.