लस चांगली निघाली, म्हणून?
३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिन या कोविडच्या लसीला आपत्कालीन मंजुरी मिळाली, तेव्हा तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालूच होती. लस रोग किती टाळते, याचा आकडा कुणाच्याच हाती नव्हता. पुढे लक्षणं दिसणाऱ्या कोविडविरुद्ध ७७.८ टक्के परिणामकारकता आढळली. मग आधी शंका घेणारे चुकलेच ना? नाही. शंका लसीवर नव्हती, क्रमावर होती: आधी पुरावा, मग मंजुरी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेली लस गुणाची निघाली, यानं जानेवारीतला निर्णय मागाहून शास्त्रीय ठरत नाही. साथीत थांबायला सवड कुठे होती, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण परदेशी चाचण्यांचे आकडे असलेली कोविशिल्ड त्याच दिवशी मंजूर झाली होती, आणि दोहोंतली कुठली घ्यायची हे निवडण्याची मुभा सुरुवातीला आरोग्य कर्मचाऱ्यांना नव्हती.