मिरीला दाणे लावतो पाऊस!

धार-देवासच्या मुलांनो, मसाल्याच्या डब्यातली काळी मिरी तुमच्या ओळखीची आहेच. पण तिचा वेल माळव्यात कुठे पाहिलाय? दिसणार तरी कसा! त्याला पाऊस हवा भरपूर. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तुमच्याकडे हजारभर. त्यात उन्हाळ्यातली लू!

म्हणून मिरवेल भेटते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांत आणि गोव्याच्या कुळागरांत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांत. तिला वेगळं शेत लागत नाही. माडाच्या नाहीतर पोफळीच्या बुंध्याशी छाट लावायचं. पेरापेरांतून फुटलेल्या मुळांनी खोड घट्ट धरत ती सरसर वर चढते. झावळ्यांची सावली तिला मानवते, गळलेला पालापाचोळा तिथेच कुजून खत होतो. वर नारळ, मध्ये मिरी, खाली हळद नि सुरण! जुन्या शेतकऱ्यांची ही युक्ती मला फार आवडते.

खरी गंमत पुढेच आहे. पावसाळा लागला की वेलीवर कोवळे तुरे लोंबू लागतात. त्यांवर फुलं असतात, पण इतकी इवली, की दिसतच नाहीत. पाकळ्याही नाहीत! मग पराग कोण नेणार? पाऊस! थेंब तुऱ्यावरून ओघळताना वरच्या फुलाचे पराग खालच्या फुलांपर्यंत पोचवतो. ऐन फुलोऱ्यात पावसाने दडी मारली, तर घोसात दाणे विरळ भरतात.

सहा-आठ महिन्यांनी घोसातला एखाद-दुसरा दाणा लाल झाला, की शिडी लावून घोस उतरवतात. बाकीचे दाणे हिरवेच असतात. ते मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात पसरले, की सालीतल्या द्रव्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि साल काळी पडते. कापलेलं सफरचंद काळवंडतं ना, तसंच. तीन किलो हिरव्या दाण्यांची जेमतेम किलोभर मिरी होते.

मिरीचा तिखटपणा पायपरीन या द्रव्याचा. ते १८१९ साली डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अर्स्टेड यांनी वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी त्यांना दिसलं, की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. दोन्ही शोध एकाच माणसाचे!

आता तुमचा प्रयोग. चार-पाच मिरे पाण्यात टाका, रोज पाणी बदला. दोन-तीन दिवसांनी चिमटीत चोळा. काळी साल सुटून पांढुरका दाणा बाहेर येईल. बाजारातली महागडी पांढरी मिरीही अशीच सोललेली, फक्त पिकलेल्या दाण्यांची. आता साल आणि दाणा वेगवेगळे हुंगा, चिमूटभर चाखा. वास कशाला जास्त, तिखट काय जास्त?